स्वमग्न मुलांचे पालक : आरोपी ते सभासद

स्वमग्न मुलांच्या समावेशक शिक्षणात पालकांना आज आपण सहज ‘भागीदार’ म्हणतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मात्र ते आरोपी होते.

1943 साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी 11 मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. हे वेगळेपण जन्मजात असावं, असं त्यांनी लिहिलं. आईवडील फारसे मायाळू दिसत नाहीत, असंही नोंदवलं. जगानं उचललं ते हे दुसरं! ब्रूनो बेटेलहाइम तर मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवणं हा उपचारच मानत. 1967 च्या त्यांच्या पुस्तकातही रोख पालकांवरच आहे.

आता बघा, मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही. त्याची आई दमलेली, गप्प दिसणारच की! कार्यालाच कारण समजण्याची ही चूक तर्काच्या पहिल्या वर्गातली. पण तिच्यापायी किती आयांनी आयुष्यभर स्वतःला दोष दिला असेल!

ही चूक दाखवली एका बापानं. बर्नार्ड रिमलँड अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ होते, मुलगा स्वमग्न. 1964 साली त्यांनी स्वमग्नतेचं मूळ शरीरात आहे, असं मांडणारं पुस्तक लिहिलं. त्याला प्रस्तावना कुणाची? खुद्द कॅनर यांची. पुढच्याच वर्षी पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि 1969 मध्ये तिच्याच सभेत कॅनर यांनी पालकांना दोषमुक्त केलं.

शाळेचं दार उघडायला कोर्टाची पायरी चढावी लागली. पेनसिल्व्हेनियात मतिमंद (तेव्हाचा शब्द) मुलांच्या पालकांनी दावा लावला. मग 1975 चा कायदा आला : शक्यतो इतर मुलांबरोबरच शिक्षण, प्रत्येकाचा वेगळा आराखडा आणि तो ठरवताना आईवडील हजर. पटलं नाही, तर दाद मागायची सोय.

आपल्याकडे 1991 मध्ये दिल्लीत मेरी बरुआ या आईनं ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. 1995 च्या अपंग कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हतीच. ती 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली आणि 2016 च्या कायद्यात समावेशक शिक्षणासकट आली. शिवाय 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्यात.

त्यातल्या एखाद्या जागेवर स्वमग्न मुलाची आई बसते का, हे आपापल्या गावच्या शाळेत विचारून बघा. तिला शाळेचा फोन येतो तो पुष्कळदा एवढंच सांगायला, की मूल वर्गात ओरडतंय, घरी घेऊन जा.