साडेपाच तासांचा फरक

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या कारकुनाचा माणसावर विश्वास नसतो, शिक्क्यावर असतो. गिऱ्हाईक कितीही सज्जन दिसो, चेकवर तारीख नसेल तर चेक परत! हा स्वभाव मी संध्याकाळी डब्याबरोबर घरी आणतो. पुढचे रामायण त्यातूनच घडले.

आमच्या घरी संगणक एक, पण त्यात बिऱ्हाडे दोन. अर्ध्या भागात चिरंजीवांचे विंडोज, अर्ध्यात माझे लिनक्स. लिनक्स फुकट मिळते आणि रोज काहीतरी दुरुस्त करण्याचा आनंद देते. काही लोक रविवारी स्कूटर खोलून बसतात, मी लिनक्स खोलून बसतो. "अहो, जोडल्यावर काही उरलं तर नाही ना?" असे आमची ही लांबूनच विचारते.

एकदा चिरंजीवांच्या निबंधाच्या फाइलवर वेळ दिसली : पहाटे 3.30. मी भडकलो. "रात्रभर जागत होतास?"

"नाही बाबा, सकाळी नऊला लिहिला. कॉलेजला जायच्या आधी."

"मग मशीन खोटं बोलतं का?"

यावर तो काही बोलला नाही. पुढे चार दिवस बोलला नाही.

पाचव्या दिवशी रविवार. आदल्या रात्री मुलाने त्याच्या बिऱ्हाडातले घड्याळ हाताने बरोबर केले होते. मी सकाळी नऊला लिनक्स उघडले, तर तिथे दुपारचे अडीच! एरवी ते इंटरनेटला वेळ विचारून गुपचूप सुधारते. त्या दिवशी नेट बंद, म्हणून चोरी पकडली गेली. तिकडे साडेपाच तास मागे, इकडे साडेपाच तास पुढे. फरकाची रक्कम ओळखीची निघाली, की बँकवाल्याला चैन पडत नाही. साडेपाच तास म्हणजे ग्रीनिचच्या आणि आपल्या वेळेतले अंतर!

मग खोदकाम केले. लिनक्सचा वैचारिक आजोबा म्हणजे युनिक्स. एका यंत्रावर अनेकांनी बसायचे, ही त्याची घडण. तो 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतो, तेही ग्रीनिचच्या हिशेबाने; ज्याच्या त्याच्या गावची वेळ फक्त दाखवताना लावतो. आयबीएमचा पीसी आला 1981 साली. त्यात बॅटरीवरचे घड्याळच नव्हते. सुरू करताना तारीख-वेळ मालकालाच सांगावी लागे. 1984 च्या एटी मॉडेलात बॅटरीवरचे घड्याळ बसले. एक टेबल, एक मालक. त्यात टेबलावरचीच वेळ ठेवायची रीत पडली, ती विंडोजने वारशाने घेतली. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हप्त्याने घेतलेल्या तसल्याच एका पीसीवर लिनक्स लिहायला घेतले. (हप्त्यांचे ऐकून माझा त्याच्यावरचा विश्वास वाढला.) एका घरात दोन घराण्यांचे रिवाज आले ते असे. घड्याळ एकच. लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवणार, विंडोज ती गावची समजून वाचणार. खतावणीच्या डोक्यावर रुपये की डॉलर हे लिहायचे राहून गेले, तर दोन्ही कारकून प्रामाणिक असूनही ताळेबंद जुळायचा नाही!

यात नवे काही नाही. 1 जानेवारी 1906 पासून सरकारने देशाला एकच प्रमाणवेळ दिली. पण मुंबई ऐकते थोडीच! शहराने 39 मिनिटे मागे असलेला आपला 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत जपला. गिरगावातले आमचे आजोबा कोणी वेळ दिली, की आधी विचारत, "कुठली? मुंबईची की स्टँडर्ड?" त्या एका प्रश्नाने त्यांची गाडी कधी चुकली नाही. मी मुलाला तो प्रश्न विचारला नव्हता.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. लिनक्सला आज्ञा दिली : 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1'. म्हणजे, बाबा रे, भिंतीवर गावचीच वेळ ठेव. त्याने हे बरे नव्हे असा लेखी इशारा दिला, पण ऐकले. ज्याला समजते त्याने नमते घ्यावे.

राहिली दुसरी दुरुस्ती. तोंडाने चूक कबूल करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. म्हणून व्हाउचरएवढ्या कागदावर लिहिले : 'पहाटे जागल्याचा आरोप चुकून चिरंजीवांच्या नावे पडला. उलट नोंद करून तो वडिलांच्या खाती टाकण्यात येत आहे.' खाली सही केली आणि कागद पडद्यावर चिकटवला.

संध्याकाळी पाहिले, तर सहीखाली मुलाच्या अक्षरात लिहिले होते : 'तपासले. बरोबर.' आणि पुढे वेळ टाकली होती : 6.10, स्टँडर्ड.