दैवी शिक्षा आणि न्याय : ‘उत्पत्ती’तील कथा व नागपूरचे लिंगोगीत

दैवी शिक्षा व दया, आद्य बायबलकथांतील : ‘उत्पत्ती’ हा बायबलचा पहिला ग्रंथ. त्यातील आदाम-हव्वा, काइन-हाबेल, नोहाचा जलप्रलय, बाबेलचा बुरूज आणि सदोम-गमोरा या कथांत देवाने दिलेली शिक्षा अपराधाच्या मापाची होती का, आणि तिच्या जोडीने दाखवलेली दया न्यायाला धरून होती का, हा धर्मचिंतनातला जुना व अजून न मिटलेला प्रश्न आहे. मराठीत या कथा ओवीबद्ध रूपात आल्या त्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तून (१६१६), त्यातले ‘पैलें पुराण’ जगाच्या निर्मितीपासून सुरू होते. नागपुरात त्या पोहोचल्या स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) यांच्याबरोबर, १८४५ साली. याच हिस्लॉपनी गोंडांच्या परधान या भाट समाजातील गायकांकडून त्यांचे लिंगोगीत टिपून घेतले. त्यातही एक देव रागावतो, एका अख्ख्या जमातीला शिक्षा करतो आणि शेवटी सोडून देतो. दोन्ही कथासमूह शेजारी ठेवले, तर ‘देव न्यायी की दयाळू’ हा नेहमीचा वाद थोडा बाजूला पडतो. या कथांत दया ही देवाची स्वतःची गोष्ट असते. न्याय मात्र बहुधा कुणीतरी मागितल्याशिवाय कथेत येत नाही, असे प्रतिपादन या नोंदीत केले आहे.

आधी दयेचा पुरावा पाहू. निषिद्ध झाडाचे फळ खाशील त्या दिवशी मरशील, अशी ताकीद आदामाला होती. प्रत्यक्षात तो ९३० वर्षे जगल्याचे पाचवा अध्याय सांगतो. बागेतून हाकलताना देव त्या दोघांना कातड्याची वस्त्रे करून देतो. ती त्यांनी मागितलेली नव्हती. आदाम तर स्वतःची बाजूही धड मांडत नाही. दोष बायकोवर आणि आडून देवावरच ढकलतो. म्हणजे शिक्षा सौम्य झाली, पण ती योग्य होती का हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. हव्वेच्या वाट्याला आलेल्या प्रसूतिवेदना तिच्या लेकीबाळींच्या वाट्याला का याव्यात, शेतात काटेकुसळे उगवण्यात जमिनीचा काय अपराध, याला कथेत उत्तर नाही. काइनाचे तसे नाही. भावाचा खून करणारा हा माणूस शिक्षा ऐकल्यावर तक्रार करतो : हे मला सोसण्यापलीकडचे आहे, मी दिसेन त्याच्या हातून मारला जाईन. देव ती तक्रार ऐकतो आणि त्याचा जीव वाचावा म्हणून त्याच्यावर खूण करतो. शिक्षेला मर्यादा पडल्याचे बायबलमधले हे पहिले उदाहरण, आणि ती मर्यादा घालून घेतली एका खुन्याने, तोंड उघडून. संतजनांनी हा मान काइनाला द्यावा अशी अपेक्षा नाही, पण मजकूर असाच आहे.

जलप्रलयाची कथा या सगळ्यात अवघड आहे. प्रलय का आणला याचे कारण सहाव्या अध्यायात दिले आहे : माणसाच्या मनातले विचार सदा वाईटच असतात. पाणी ओसरल्यावर, नोहाच्या होमबलीचा सुवास आल्यानंतर, देव ठरवतो की यापुढे माणसापायी भूमीला शाप द्यायचा नाही. आणि त्याचे कारण म्हणून आठव्या अध्यायात जवळजवळ तेच वाक्य पुन्हा येते, की माणसाचे मन बाळपणापासून वाईटाकडेच असते. जे कारण बुडवायला पुरेसे होते, तेच न बुडवायलाही पुरेसे ठरले. मधल्या काळात माणूस सुधारलेला नाही, बदलला तो देव. दया म्हणून ही गोष्ट मोठी आहे. न्यायाच्या बाजूने पाहिले तर पहिली शिक्षा उघडी पडते, कारण तेच कारण पुढे क्षमेला पुरत असेल तर ते आधीही पुरले असते. प्रलयात बुडालेल्या तान्ह्या मुलांचा आणि जनावरांचा काय अपराध, याबद्दल ग्रंथ काहीच बोलत नाही. नोहाही बोलत नाही. तारू बांधायची आज्ञा होते तेव्हा तो ते बांधतो, दार बंद होते, पाणी चढते, उतरते, आणि या सबंध काळात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्याचे पहिले उद्गार नवव्या अध्यायात येतात, आणि ते शापाचे आहेत. हाम या मुलाने बापाची नग्नता पाहिली म्हणून नोहा हामाच्या मुलाला, कनानाला, दासपणाचा शाप देतो. नोहाने आपल्या पिढीसाठी रदबदली केली नाही, हा ठपका पुढे ज्यू परंपरेनेच त्याच्यावर ठेवला.

त्या परंपरेने नोहाच्या शेजारी उभा केला तो अब्राहाम. सदोम नगरीचा नाश करायचा देवाचा बेत कळल्यावर अब्राहाम थेट विचारतो, की सर्व जगाचा न्यायाधीश न्यायाने वागणार नाही काय; दुष्टांबरोबर नीतिमानांनाही मारणे तुला शोभते का. मग बाजारात भाव करावा तशी घासाघीस : पन्नास नीतिमान असले तर, पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, शेवटी दहा. देव प्रत्येक आकड्याला मान डोलावतो. शहर वाचत नाही, पण अपराधी आणि निरपराध यांना एकाच मापाने मोजू नये हे तत्त्व ‘उत्पत्ती’त पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत येते ते इथे, आणि ते देवाच्या नव्हे, माणसाच्या तोंडून येते. हाच विचार त्याआधी मेसोपोटेमियात कुणी मांडला होता हे पाहण्यासारखे आहे. १८७२ मध्ये लंडनला जॉर्ज स्मिथ यांनी गिल्गामेश महाकाव्यातल्या प्रलयाचा मातीच्या फळीवरचा मजकूर उलगडला. तिथे प्रलय ओसरल्यावर एआ हा देव प्रलय आणणाऱ्या एन्लिलला खडसावतो, की ज्याने पाप केले त्यालाच पापाचा जाब विचारायचा होता, सरसकट सगळ्यांना बुडवायचे कारण काय. देव अनेक असतात तिथे हा जाब दुसरा देव विचारू शकतो. देव एकच मानला की ती जागा रिकामी राहते, आणि ती माणसाला भरावी लागते. नोहाच्या कथेत ती रिकामीच राहिली. अब्राहामाने ती भरली.

लिंगोगीताचे महत्त्व इथे कळते. हिस्लॉप शाळा काढणारे आणि धर्मप्रचार करणारे गृहस्थ. नागपूर परिसरातल्या जीवाश्मांवरचे त्यांचे आणि रॉबर्ट हंटर यांचे काम भूशास्त्रात आजही मोलाचे मानतात. शहरातले हिस्लॉप कॉलेज (१८८३) त्यांच्याच नावाचे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाट भागातली शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. (प्रत्येक पूर ही शिक्षाच मानणाऱ्यांनी या घटनेचा अर्थ लावून पाहावा.) त्यांची टिपणे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली, लिंगोगीत त्यात आहे. या गीतात गोंड जन्मतात, डोंगराडोंगरांत पसरतात, मिळेल ते खातात, अंघोळ करत नाहीत, आणि त्यांचा वास महादेवाला असह्य होतो. महादेव एक खार उत्पन्न करतो. तिच्यामागे धावत गोंड एका गुहेत शिरतात, तेवढ्यात तो तोंडावर मोठा धोंडा लावून घेतो आणि भस्मासुराला पहाऱ्यावर बसवतो. चौघे तेवढे बाहेर राहतात. अपराध पाहिला तर तो नीतीचा नाहीच. राहणीचा आहे, आणि शिक्षा सबंध जमातीला आहे. पण इथे गप्प बसणारा नोहा नाही. पार्वतीला आपले गोंड दिसेनासे होतात, त्यांचा तोच वास तिला हवासा वाटतो, आणि ती व्रत धरते. त्यातून लिंगो जन्मतो. तो आधी बाहेर राहिलेल्या चौघांना शेती शिकवतो, त्यांच्याच घरातल्या खोट्या आळामुळे मारला जातो, पुन्हा जिवंत होतो, आणि मग तप करून महादेवाकडे कोंडलेल्या गोंडांची मागणी करतो. महादेव अट घालतो : बिंदो या काळ्या पक्ष्याची पिले आणून दे. लिंगो वाटेतल्या नागाला मारून ती आणतो, आणि धोंडा हटतो.

लिंगो काही अब्राहामासारखा तत्त्वाचा युक्तिवाद करत नाही. तो किंमत मोजतो, हा फरक झाकू नये. तरी दोन गोष्टी जुळतात. शिक्षा देणाऱ्याच्या बाहेरून कुणीतरी शिक्षा भोगणाऱ्यांची बाजू घेते, आणि सुटका होते तेव्हा कोंडलेले सुधारलेले नसतात. शेती शिकले ते बाहेरचे चौघे. प्रलयानंतरच्या माणसाप्रमाणे गुहेतले गोंडही होते तसेच बाहेर आले. आक्षेप असा घेता येतो की हे गीत एका मिशनऱ्याने टिपलेले, परधानाने गायलेले आणि पौराणिक देवांची नावे शिरलेले आहे. त्यावर एवढे बांधकाम कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पण ज्यांची ही कथा, त्यांनी ती टाकून दिलेली नाही. नागपूरचे अभ्यासक मोतीराम कंगाली यांनी मांडलेल्या कोया पुनेमी या गोंड धर्मपरंपरेत महादेवाच्या जागी शंभू येतो, पार्वतीच्या जागी रायताड जंगो कोंडलेल्या मुलांची कैवारी होते, पारी कुपार लिंगो त्यांच्या सुटकेचा मार्ग शोधतो आणि हिरासुका पाटालीर वाद्य वाजवतो. नावे बदलली, तपशील बदलले, पण कोंडणारा एक आणि सोडवणारे दुसरे ही रचना टिकली. देवाला दूषण न देताही शिक्षेविरुद्ध उभे राहता येते, हे या परंपरेने ‘उत्पत्ती’च्या वाचकांइतकेच ओळखले होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाचा खरा आक्षेप वेगळा असेल. १८३१ मध्ये मुंबईत मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला, १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. त्या काळापासून हिंदू बाजूकडे एक तयार माप होते : कर्म. ज्याचे कर्म त्याला फळ. ना कुणाच्या शिक्षेत दुसरा भरडला जाणार, ना कुणाला फुकट माफी. या मापाने प्रलय अन्यायी ठरतो आणि काइनाची खूण पक्षपाती. हिशेब म्हणून हे माप अधिक चोख आहे, यात शंका नाही. पण त्याचा चोखपणाच घातक आहे, हे नागपुरात ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात दाखवले. आजचे दुःख हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ मानले, की दुःखिताच्या स्थितीची जबाबदारी समाजाच्या अंगावरून उतरते. न्यायाच्या प्रश्नाशी याचा संबंध सरळ आहे. प्रत्येक शिक्षा आधीच योग्य ठरलेली असेल, तर अब्राहामाने उभे राहून विचारायचे काय? प्रलयाची कथा आपला अन्याय झाकत नाही, म्हणून तरी तो प्रश्न विचारता येतो. पूर्वजन्मीच्या कर्माच्या चोख हिशेबात रदबदलीला जागाच उरत नाही.

शेवटचा आक्षेप या नोंदीच्या प्रतिपादनावरच आहे, आणि तो सर्वांत जड आहे. सदोमसाठी भाव करणारा हाच अब्राहाम बाविसाव्या अध्यायात स्वतःच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायची आज्ञा होते तेव्हा अवाक्षर काढत नाही. सुरी उचलतो, थांबवतो तो दूत. मग न्याय मागणे हे या ग्रंथाचे सूत्र म्हणायचे कसे? सूत्र म्हणता येणार नाहीच. ‘उत्पत्ती’ हा एका हाताने, एका विचाराने लिहिलेला ग्रंथ नाही, आणि तो नोहाचे मौन, अब्राहामाचा वाद आणि अब्राहामाचे मौन तिन्ही शेजारी ठेवतो. इसहाक वाचला तो दयेने. न्यायाचा प्रश्न तिथे निघालाच नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग दोन हजार वर्षे भाष्यकारांना छळतो आहे. कनानासाठी तर तेवढेही झाले नाही. बापाच्या अपराधाबद्दल मुलाला दिलेला शाप कथेत कुणी अडवला नाही, आणि अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांनी एकोणिसाव्या शतकात त्याचाच आधार घेतला. लिंगोगीतातल्या कोंडलेल्यांना सोडवणारा मिळाला होता. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा हे त्यांच्या सुटकेचे ठिकाण मानून गोंड समाज तिथे दर माघ पौर्णिमेला यात्रेला जमतो.