‘मी’ मीच का? : वैशेषिक दर्शनातील ‘विशेष’ या पदार्थाचा इतिहास

प्रस्तावना

जगातील असंख्य माणसांपैकी एकच माणूस ‘मी’ असतो. उरलेले सर्व ‘इतर’ ठरतात. असे का, हा प्रश्न अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी ‘द व्ह्यू फ्रॉम नोव्हेअर’ (१९८६) या ग्रंथात मांडला. भारतीय दर्शनांत मात्र त्याच्या निकटचा प्रश्न कितीतरी शतके आधी, आत्म्यांच्या अनेकत्वाच्या वादातून उपस्थित झाला होता. प्रस्तुत लेखात ‘विशेष’ या पदार्थाच्या अनुषंगाने त्याचा मागोवा घेतला आहे.

शरीर कोणाचे?

न्याय-वैशेषिक मतानुसार आत्मे अनंत असून प्रत्येक आत्मा विभू म्हणजे सर्वव्यापी आहे. सर्व आत्मे सर्वत्र असतील, तर प्रत्येक शरीराशी प्रत्येक आत्म्याचा संयोग होणारच. मग एका पायात काटा रुतला असता वेदना एकालाच का व्हावी? यावर या परंपरेचे उत्तर ‘अदृष्ट’ हे होते. ज्या आत्म्याच्या पूर्वकर्मांनी धर्माधर्म निर्माण केले, त्याच्याच भोगासाठी ते शरीर उत्पन्न होते.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात, दुसऱ्या अध्यायातील तिसऱ्या पादाच्या अखेरीस, या उत्तरातील उणीव दाखविली. अदृष्ट निर्माण होते तेव्हाही सर्व आत्मे सारखेच सन्निध असतात. तेव्हा ते अमुक एकाचेच, हा नियम कशाच्या आधारे सांगायचा? कर्मपरंपरा अनादी मानली, तरी ती याच आत्म्याची का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मुक्तांमधील भेद

मोक्षाच्या विचारात ही अडचण अधिक तीव्र होते. वैशेषिकांच्या मते मुक्तावस्थेत बुद्धी, सुख, दुःख, इच्छा, द्वेष, प्रयत्न, धर्म, अधर्म आणि संस्कार हे आत्म्याचे नऊ विशेष गुण नाहीसे होतात. मग दोन मुक्त आत्म्यांना वेगळे ठरविणारा एकही गुण उरत नाही. आयुष्यभर साधना करणाऱ्याच्या दृष्टीने हा गौण प्रश्न नव्हता. मुक्त झालेला तो आपणच, हे कशावरून म्हणायचे?

सुमारे सहाव्या शतकातील प्रशस्तपादांनी ‘पदार्थधर्मसंग्रहा’त याचे उत्तर दिले. प्रत्येक नित्य द्रव्यात एक ‘अन्त्य विशेष’ असतो आणि त्याच्यामुळे योग्यांना मुक्त आत्म्यांतील भेद प्रत्यक्ष दिसतो. विशेषाला वेगळे करण्यासाठी मात्र दुसऱ्या विशेषाची गरज नाही. तो स्वतःच स्वतःला इतरांपासून वेगळा करतो.

याच ठिकाणी नवद्वीपचे नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणी यांनी सोळाव्या शतकाच्या सुमारास आक्षेप घेतला. विशेष जर स्वतःच वेगळे असू शकतात, तर आत्मे व परमाणू स्वतःच वेगळे का असू नयेत? ‘पदार्थतत्त्वनिरूपणा’त त्यांनी विशेष हा पदार्थच नाकारला. तथापि सतराव्या शतकातील अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’ने तो कायम ठेवला. आठल्ये व बोडस यांची या ग्रंथाची आवृत्ती १८९७ साली बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये निघाली. सात पदार्थांच्या यादीतील ‘विशेष’ अशा पाठ्यग्रंथांतून विद्यार्थ्यांच्या परिचयाचा राहिला; त्यामागील वाद मात्र सहसा नव्यन्यायाच्या अभ्यासकांपुरता मर्यादित राहिला.

निष्कर्ष

या इतिहासातून दोन प्रश्नांतील फरक स्पष्ट होतो. दोन आत्मे भिन्न का, या प्रश्नाला ‘विशेष’ हे उत्तर होते. त्यांपैकी ‘मी’ कोणता आणि का, याला ते उत्तर नव्हते. योग्याला दोन मुक्त आत्मे वेगवेगळे दिसले, तरी त्यांतील एकाचे ‘मी’पण त्याला बाहेरून दिसणार नाही. रघुनाथांनी विशेष वगळल्यानंतर भेदाला त्यापलीकडचे कारण उरले नाही. तो आत्म्याच्या स्वरूपातच मानावा लागला. कारणांचा शोध कोठे थांबतो, हे दाखवून देणे हेच या दीर्घ वादाचे महत्त्वाचे फलित मानावे लागेल.