सहा मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे

हल्लीची मुलं जुने छोटे डिजिटल कॅमेरे शोधून विकत घेतात म्हणे. मोबाईलपेक्षा फोटो "वेगळे" येतात! म्हटलं, या कॅमेऱ्यांचा थोडा इतिहास लिहून ठेवावा. एकेकाळी आमच्या शिक्षकखोलीत तो चांगला भांडणाचा विषय होता.

मूळ बरंच मागे जातं. 1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र 0.01 मेगापिक्सेलचं, तेही कृष्णधवल, आणि कॅसेटवर उतरायला 23 सेकंद! पुढे 2003 मध्ये कॅननने ईओएस 300डी हजार डॉलरच्या आत आणला आणि भिंग बदलता येणारा डिजिटल एसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात आला. (मास्तरांच्या पगाराला तोही जडच, ते सोडा.)

2007 मध्ये माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला कॅमेरा द्यायचं ठरवलं. समोर दोन होते, कॅननचा छोटा पॉवरशॉट ए540 आणि निकॉनचा एसएलआर डी40. दोन्ही 2006 चे, दोन्ही 6 मेगापिक्सेलचे. मग निकॉनला इतके जास्त पैसे कशाला, असा गणिताच्या सरांचा सवाल. उत्तरही गणितातच होतं. ए540 चा सेन्सर जेमतेम 25 चौरस मिलिमीटरचा, डी40 चा साडेतीनशेच्या वर. म्हणजे तेवढेच 60 लाख ठिपके चौदापट मोठ्या अंगणात! प्रत्येकाच्या वाट्याला उजेड जास्त, म्हणून अंधुक प्रकाशातही चित्र फारसं खरखरीत होत नाही.

छोट्याची बाजूही लंगडी नव्हती बरं का. त्याचा झूम 4 पट, तर डी40 सोबतच्या 18-55 भिंगाचा 3 पटच. दोन पेन्सिल सेल घातले की काम सुरू. व्हिडिओही निघे, जो डी40 वर नव्हताच.

निकाल लावला तो स्नेहसंमेलनाने. रंगमंचावर दोन-चार दिवे, आणि छोट्याचा फ्लॅश तीन-चार मीटरपुढे पोचत नाही. शिवाय बटण दाबल्यावर तो क्षणभर थांबे, तोवर उडी मारलेलं पोर खाली आलेलं! शाळेत अशी पुष्कळ मुलं होती, ज्यांच्या घरी त्यांचा एक धड फोटो नव्हता. त्यांचे चेहरे पुसट येऊन चालणार नव्हतं. डी40 घेतला. फोटो छापून मुलांच्या हाती दिले, तेव्हा एका आईने तो देव्हाऱ्याशेजारी लावला.

सहलीला मात्र मी स्वतःचा ए540 च नेत असे. खिशात मावे, आणि पोरं त्याला बुजत नसत.

2010 मध्ये जपानी कंपन्यांनी जगभरात 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले होते, 2023 मध्ये 80 लाखही नाहीत. मोबाईलने पहिला घास घेतला तो छोट्या कॅमेऱ्यांचा. आणि ज्या कंपनीत हे सगळं सुरू झालं, त्या कोडॅकने 2012 च्या जानेवारीतच दिवाळखोरीचा अर्ज केला.