अर्ध्यावर थांबलेले वाक्य



गोव्यात केरी नावाची गावे तीन आहेत. एक सत्तरीत, चोर्ल्याच्या घाटाखाली. एक फोंडे महालात, विजयादुर्गेची केरी. आणि एक पेडण्यात, तेरेखोल नदी जेथे समुद्राला मिळते तेथे. मी ह्या तिसऱ्या केरीचा. पत्रावर तालुका लिहिला नाही तर ते तिन्ही केरी फिरून मगच हाती पडते, असा आमचा जुना विनोद आहे. आज ज्या विषयावर मी बोलणार आहे त्याचा उगम मात्र ह्या तिन्ही गावांपासून फार दूर, बाबिलोनात आहे. तरी शेवटी आपल्याला फोंड्याच्या केरीपर्यंत यावयाचेच आहे, म्हणून गावाचा घोळ आधीच मिटवून टाकला.

यहुदी लोकांच्या धर्मग्रंथाच्या प्रचलित छापील प्रती उघडून पाहिल्या, तर शेवटी ‘इतिहास’ नावाचा ग्रंथ आढळतो. ख्रिस्ती बायबलात तो मध्येच येतो, त्यामुळे आपल्याकडील वाचकाच्या ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ह्या ग्रंथाच्या अखेरच्या वचनात इराणच्या कुरुश राजाचा जाहीरनामा आहे. सांगणे थोडक्यात असे, की देवाने मला पृथ्वीची राज्ये दिली, यरुशलेमात आपले मंदिर बांधण्याची आज्ञा केली. तेव्हा त्या देवाच्या लोकांपैकी जो कोणी तुमच्यात असेल, त्याने खुशाल निघावे. येथे ग्रंथ संपतो. शेवटचा हिब्रू शब्द ‘वेयाअल’ असा आहे. त्याचा अर्थ वर जाणे, चढणे. पण कोठे चढावयाचे, चढून काय करावयाचे, हे त्या वाक्यात सांगितलेलेच नाही. हाच जाहीरनामा ‘एज्रा’च्या ग्रंथारंभी पुन्हा येतो, आणि तेथे यरुशलेमचे नाव, मंदिर बांधण्याचे काम, सर्व काही यथास्थित पुरे केलेले आहे. म्हणजे पूर्ण वाक्य उपलब्ध होते. तरीही ग्रंथसंग्रहाची अखेर अपुऱ्या वाक्यावर झाली.

ही नकलनविसाची चूक असेल, असे काही पंडित मानतात. मला ते पटत नाही. ज्यांनी एकेक अक्षर मोजून ग्रंथ जतन केला, त्यांना शेवटचे वाक्य तुटलेले दिसले नसेल काय?

‘चढणे’ हा शब्द कोकणातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपण घाटावर ‘जात’ नाही, ‘वर’ जातो. यरुशलेमही डोंगरावर वसलेले आहे, आणि तेथे जाणे म्हणजे चढणे असा वाक्प्रचार हिब्रूत रूढ झाला. पुढे मायभूमीस परत जाण्यालाच ‘आलिया’ म्हणजे चढण असे नाव पडले. तो शब्द ह्याच धातूपासून आलेला आहे.

आता इतिहास पाहू. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेमचे मंदिर जाळले आणि तेथील प्रमुख घराणी बाबिलोनात नेली. इ. स. पूर्व ५३९ मध्ये कुरुशाने बाबिलोन जिंकले आणि परतीची मुभा दिली. एज्राच्या ग्रंथात परतणाऱ्यांची गणती आहे: माणसे ४२,३६०, दासदासी ७,३३७, गाणारे २००, उंट ४३५, आणि गाढवे ६,७२०. ह्या गणतीत गाढवांचा हिशोब इतका चोख ठेवलेला पाहून मला फार बरे वाटते. काव्यात घरी परतणारे लोक हात हलवीत येतात, इतिहासात त्यांना बोजे वाहून न्यावे लागतात. मंदिराचा पाया घातला त्या दिवशी जुने मंदिर डोळ्यांनी पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले आणि तरुणांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या; दुरून ऐकणाऱ्याला रडणे कोणते आणि आरोळी कोणती हे ओळखू येईना, असे तो ग्रंथकार सांगतो. मंदिर पुरे झाले ते इ. स. पूर्व ५१५ च्या सुमारास.

परंतु पुष्कळ लोक परतले नाहीत. इराकात सापडलेल्या मातीच्या विटांवरील लेखांत ‘यहुदाचे गाव’ अशा अर्थाच्या नावाची एक वस्ती आढळते. आपल्या देशाचे नाव त्यांनी परमुलखातल्या खेड्याला दिले, तेथे शेती केली, कर भरले, देणेघेणे केले. त्यांच्या वंशजांनी जवळजवळ हजार वर्षांनी बाबिलोनी तालमूद सिद्ध केला, आणि यहुदी धर्मशास्त्राचा तो मुख्य आधार ठरला. ही वस्ती टिकली किती? १९५०–५१ साली इराकात राहणे कठीण झाले तेव्हा सुमारे सव्वा लाख यहुदी विमानाने इस्राएलला गेले. त्या मोहिमेला ‘एज्रा आणि नेहेम्या’ असेच नाव दिले होते. कुरुशाच्या परवानगीचा उपयोग पंचवीस शतके उशिरा केला, असे म्हणावे लागेल.

कुरुशाच्या उदारपणाचा दुसरा साक्षीदार बाबिलोनातच १८७९ साली उत्खननात सापडला. वीतभर लांबीचा मातीचा भाजलेला दंडगोल, त्यावर बाबिलोनी लिपीत लेख. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. २०१३ च्या डिसेंबरात तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणला होता, तेव्हा पुष्कळ मराठी माणसांनी तो पाहिला. त्यात यहुद्यांचे नाव नाही, यरुशलेमचेही नाही. कुरुश म्हणतो ते असे, की निरनिराळ्या नगरांतून आणलेल्या देवमूर्ती मी त्यांच्या त्यांच्या स्थानी परत नेल्या आणि त्यांच्या माणसांनाही गोळा करून घरी पोचविले. प्रथम देव आणि मग माणसे, असा हा क्रम आहे. यहुद्यांना मूर्ती नव्हती, म्हणून त्यांच्या वाट्याला मंदिरातली सोन्यारुप्याची पात्रे परत आली. तीही एज्राने मोजून ठेविली आहेत: ५,४००.

हा लेख वाचला आणि गोमंतकीय मनुष्य म्हणून मी थबकलो. देव परागंदा होतात आणि त्यांना परत न्यावे लागते, ही गोष्ट आम्हाला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही.

मांडवीतील दिवाडी बेटावर नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे स्थान होते. तो कदंबांचा आराध्य देव. ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ हे बिरुद ते आपल्या नाण्यांवर घालीत. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत ते देवालय पडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, आणि १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. लिंग विहिरीच्या कामी लावले होते, ते भाविकांनी गुपचूप काढून नदीपार डिचोलीच्या हद्दीत नेले, असे परंपरा सांगते. नदीच्या ह्या काठावर आदिलशाही होती, त्या काठावर पोर्तुगीज. देव ज्या गावी आला त्यालाही नार्वे हेच नाव आहे. बाबिलोनातल्या ‘यहुदाच्या गावा’ची आठवण मला येथे होते. माणसे गाव सोडतात तेव्हा गावाचे नाव बरोबर घेतात, कारण त्याला वजन नसते.

फोंड्याच्या केरीची विजयादुर्गा ही मूळ शंखवाळीची, झुआरीपलीकडची. १५६७ साली सासष्टीतील देवळे पाडली गेली, त्या काळात तिचे भक्त तिला घेऊन निघाले आणि नदी ओलांडून केरीत स्थिरावले. शंखवाळीचाच लक्ष्मीनृसिंह वेलिंगेला गेला. फोंडे महाल त्या वेळी पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. आमच्या पेडण्याचीही तीच गत. १७८८ पर्यंत हा मुलूख वाडीकर सावंतांचा. शापोरा नदी ओलांडली की पोर्तुगीज अंमल संपे. ह्या सर्व नद्या त्या काळी आजच्यासारख्या नद्या नव्हत्या, सीमा होत्या. नदीच्या त्या तीरावर काय चालले होते हे सांगण्यास एक उदाहरण पुरे. १५६० ते १८१२, मधली चार वर्षे वगळता, गोव्यात इन्क्विझिशनचा अंमल होता. आपल्या देशातील वनौषधींवर पहिला मोठा युरोपीय ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ओर्ता हा यहुदी वंशातला वैद्य. तो १५६८ साली गोव्यात वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याबद्दल जाळले, आणि १५८० साली त्याची हाडे उकरून काढून जाळली. मी आज जे हिब्रू वचन आपल्यापुढे मांडीत आहे ते त्या काळी मोठ्याने वाचण्याची सोय नव्हती.

येथून पाच-सहा दिवसांच्या गलबताच्या वाटेवर, अलिबागच्या बाजूस, हिब्रूचे दुसरेच नशीब होते. तेथे बेने इस्राएल राहत. नवगावजवळ गलबत फुटले, सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही वंशज, अशी त्यांची परंपरा. ते तेलघाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. ग्रंथ बुडाले होते, भाषा विसरली होती. सुंता, शनिवार, भक्ष्याभक्ष्य आणि एकेश्वराची ग्वाही देणारी एक प्रार्थना एवढे उरले होते. बोली मराठी, पेहराव मराठी, आडनावे तर गावांचीच: पेणकर, रोहेकर, केहीमकर, दिवेकर. १७९६ साली समुएल इझेकिएल दिवेकर ह्या सुभेदाराने मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १८३२ साली जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. विल्सनसाहेबांचा हेतू ह्या लोकांना ख्रिस्ताकडे वळविण्याचा होता; हे लोक व्याकरण शिकले आणि आपल्या धर्मात अधिकच घट्ट झाले. मिशनऱ्यांच्या उद्योगाला आपल्या देशात अशी फळे वारंवार आलेली आहेत. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्रीचे त्यांचे पुस्तक मराठीसह मुंबईत छापले गेले, आणि १८८० नंतर तर ते आपल्या पूर्वजांच्या कथांची मराठीत कीर्तने करू लागले.

अशा लोकांपुढे १९४८ साली ते अपुरे वाक्य येऊन उभे राहिले. जो कोणी असेल त्याने वर जावे. येथे कोणी त्यांना छळले नव्हते. त्या वेळी भारतात बेने इस्राएल सुमारे वीस हजार होते. पुढल्या काही दशकांत बहुतेक गेले. तेथे स्वागत सरळ झाले नाही. वर्णावरून भेदभाव होतो अशी काहींची तक्रार होती. १९५१–५२ साली त्यांतल्या एका गटाने सत्याग्रहाचा मार्ग धरला आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. सत्याग्रहाची विद्या त्यांनी कोठून नेली हे सांगावयास नकोच. त्यांना परत आणले गेले. आणि इकडे आल्यावर त्यांतल्या बहुतेकांनी पुन्हा तिकडे जाण्याची खटपट केली! मग १९६२ च्या सुमारास तेथील धर्मगुरूंनी विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम काढला. १९६४ साली यरुशलेमात मोठे आंदोलन झाले, इस्राएलच्या संसदेने हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला, तेव्हा ते प्रकरण मिटले. दोन हजार वर्षे जे कोकणात शनिवार पाळीत राहिले त्यांना दारातच दाखला विचारला गेला, ही गोष्ट मला अद्याप बोचते.

एज्राच्या पूर्ण जाहीरनाम्यात एक कलम आहे, त्याकडे व्याख्याकार फारसे लक्ष देत नाहीत. ज्या गावी तो परका म्हणून राहिला, त्या गावच्या लोकांनी त्याला सोने, रुपे, जिन्नस आणि गुरे देऊन निरोप द्यावा, असे त्यात सांगितले आहे. कोकणाने त्यांना सोने दिले नाही; ते त्याच्याजवळ नव्हतेच. आडनावे दिली. इस्राएलमध्ये आजही पेणकर आणि रोहेकर आहेत, आणि ‘मायबोली’ ह्या नावाचे मराठी नियतकालिक तेथे त्यांनी चालविले.

आमच्या देवांचे काय झाले? १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सप्तकोटेश्वराचे देवालय पुन्हा उभारले. त्याची नोंद देवळाच्या दारावरील शिलालेखात आहे. पण ते नदीच्या ह्याच काठावर उभारले. दिवाडी शत्रूच्या ताब्यात होती, हे कारण उघड आहे. पुढे १७८१ नंतर डिचोली आणि सत्तरीही पोर्तुगीजांकडे गेली; परंतु तोवर काळ पालटला होता, आणि नव्या काबिजादींत त्यांनी देवळांना हात लावला नाही. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले. नदी पुन्हा नुसती नदी झाली. मग देव परत का गेले नाहीत?

हा प्रश्न मी पूर्वी रागाने विचारीत असे. आता तसा विचारवत नाही. फोंड्याच्या केरीतली देवी चार शतकांहून अधिक काळ तेथे आहे. तिच्या पालखीला खांदा देणारे, दिवजा लावणारे, देवळाची सेवा करणारे सर्व त्या परिसरातले. त्या धावपळीत गोवा सोडून कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेलेल्या घराण्यांचे वंशज आज आपापल्या कुलदेवतेच्या भेटीला येतात, ते पाडलेल्या देवळाच्या जागी नव्हे, देव जेथे आहे तेथे. शंखवाळीची म्हणून जी निघाली, तिला आता सगळे केरीची म्हणतात. तिला कोणी वर जाण्यास सांगितले, तर ती कोणत्या दिशेला निघेल हे मला सांगता यावयाचे नाही. हे मत सर्वांना मान्य होईल असे नाही. आमच्या घरीच त्यावर दोन तट आहेत.

२०२३ च्या फेब्रुवारीत नार्व्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार पुरा झाला. त्यानंतर मी तेथे गेलो होतो. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पाण्यात स्नानासाठी भाविकांची गर्दी लोटते, पण मी गेलो तो दिवस साधा होता. दर्शन घेऊन खाली धक्क्यावर आलो. फेरीबोट लागलेली होती, समोर दिवाडी, अंतर म्हणाल तर हाक मारण्याइतके. एक म्हातारे गृहस्थ नारळाची पिशवी घेऊन बोटीत चढत होते. मी विचारले, “आजोबा, खंय?” ते म्हणाले, “नार्व्यां.” मी म्हटले, “हेंच न्हय नार्वें?” त्यांनी पलीकडे हात केला आणि म्हणाले, “तेंय.”