सौर घटातील ऊर्जाहानीचे मापन : प्रयोगशाळेपासून माळरानापर्यंत

सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला सौर पंप देताना पॅनेलची क्षमता वॅटमध्ये सांगितली जाते. हा आकडा २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या घटावर प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाश पाडून मोजलेला असतो. कुर्डुवाडीच्या वैशाखातील उन्हात अशी स्थिती संभवत नाही. मग उरलेली वीज जाते कोठे? या प्रश्नाचा इतिहास कार्यक्षमतेच्या विक्रमांच्या यादीपेक्षा अधिक बोधप्रद आहे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनी १९५४ मध्ये सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन घट सिद्ध केला. मापनाची विद्या मात्र तेथे आधीच जन्मली होती. १९४९ मध्ये हेन्स व शॉकली यांनी जर्मेनियमच्या कांडीत एका बिंदूपाशी प्रभारवाहक सोडले आणि दुसऱ्या बिंदूपाशी ते किती वेळाने व किती प्रमाणात पोहोचतात, हे नोंदविले. जंक्शनच्या गावाला ही रीत परकी वाटू नये : लागलेल्या वेळेवरून गाडीचा वेग कळतो, पोहोचलेल्या उतारूंवरून वाटेतील गळती. ही गळती म्हणजे पुनर्संयोग. त्यात इलेक्ट्रॉन आपली रिकामी जागा पुन्हा भरून काढतो व विजेला मुकावे लागते. स्फटिकातील दोष त्यास कसे कारणीभूत होतात, हे शॉकली व रीड यांनी, तसेच हॉल यांनी १९५२ मध्ये मांडले. पुढे १९६१ मध्ये शॉकली व क्वाइसर यांनी आदर्श एकसंधी घटालाही सुमारे ३० टक्क्यांची मर्यादा असल्याचे दाखविले. त्यामुळे अटळ हानी कोणती व टाळण्याजोगी कोणती, हे ठरविता येऊ लागले.

उष्णतेने पुनर्संयोग वाढतो आणि घटाचा विद्युत्दाब घसरतो. सिलिकॉन पॅनेलची शक्ती दर अंशामागे साधारणपणे ०.४ टक्के घटते, असे धरल्यास ६० अंशांपर्यंत तापलेला ३००० वॅटचा संच सुमारे २५८० वॅटच देईल. यात फसवणूक नाही. मोजणीची अट वेगळी आहे, इतकेच.

भारतीय हवामानात हे मोजण्याचे महत्त्वाचे काम मुंबईच्या आयआयटीतील, २०१० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्राने केले. २०१३ पासूनच्या देशव्यापी सर्वेक्षणांत पॅनेलचे विद्युत्प्रवाह-दाब आलेख जागेवरच घेण्यात आले. अंधारात पॅनेलमधून उलट वीज सोडली की ते मंद अवरक्त प्रकाश देते. तडा गेलेला, वीज न पोहोचणारा भाग तेवढा काळा उमटतो. उष्ण प्रदेशांतील पॅनेलचा ऱ्हास थंड प्रदेशांतल्यापेक्षा अधिक आढळला. मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या व छपरांवरील संचांत तो जास्त होता. शेतावरचा पंप याच छोट्या संचांच्या जातीचा आहे.