मस्तकशस्त्रक्रियेचें उत्तरवृत्त

‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ हें वाक्य इतिहासाच्या दृष्टीनें अपुरें होय. रोगी पुढें किती काळ व कोणत्या स्थितींत जगला हें कळल्यावांचून यशाचें माप लागत नाहीं. मेंदूंतील धमनीस येणाऱ्या फुग्याच्या, म्हणजे अ‍ॅन्युरिझमच्या, बाबतींत हें विशेष खरें आहे.

सुश्रुतानें निदानस्थानांत सिराज ग्रंथि वर्णिली असून, ती मोठी, अचल व मर्मस्थानीं असल्यास वर्ज्य मानिली आहे. हीच मेंदूंतील व्याधि असें म्हणणें धाडसाचें होईल. पण हात कोठें घालूं नये याचा विवेक तींत दिसतो. पाली महावग्गांत जीवकानें राजगृहाच्या श्रेष्ठीचें मस्तक उघडल्याची कथा आहे. सात सात महिने तीन अंगांवर निजण्याचें वचन घेतलेला तो रोगी सात सात दिवसच निजला व एकविसाव्या दिवशीं उठला. पुढील वृत्त कथेंत नाहीं.

सन १९३७ त डँडीनें अमेरिकेंत अशा फुग्याच्या मुखास प्रथम चिमटा लाविला. पुढें रक्तवाहिनीवाटे फुग्यांत प्लॅटिनमचीं वेटोळीं सोडण्याची रीत निघाली. २१४३ रोग्यांवर उभय रीतींची तुलना होऊन २००२ सालीं फल प्रसिद्ध झालें. ज्यांची वर्षभराची नोंद मिळाली, त्यांत मृत वा परावलंबी झालेले चिमट्याच्या गटांत शेंकडा ३०.६, तर वेटोळ्यांच्या गटांत २३.७ भरले. त्यांतील ब्रिटनच्या १६४४ रोग्यांचा मागोवा दहा वर्षांहून अधिक घेतल्यावर २०१५ त दुसरी बाजू दिसली: उपचार केलेल्या फुग्यांतूनच पहिल्या वर्षानंतर पुन्हां रक्तस्राव झालेले वेटोळ्यांच्या गटांत १३, चिमट्याच्या गटांत ४. तथापि दहा वर्षांनीं हयात असलेले अनुक्रमें शेंकडा ८३ व ७९ होते. वर्षाची नोंद जें सांगत नाहीं तें दशकाची सांगते.

नगरास वैद्यकलेखनाची परंपरा जुनी आहे. बुऱ्हाण निजामशहासाठीं रुस्तुम जुर्जानीनें फारशींत ‘जखीरा-इ-निजामशाही’ रचिला. नगरास वाढलेल्या फेरिस्त्यानेंही भारतीय वैद्यकावर ग्रंथ लिहिला. औषधि सांगणें हें ग्रंथांचें काम. रोग्याचें उत्तरवृत्त शोधावयाचें तें वैद्यघराण्यांच्या वह्यांत, पत्रांत व जमाखर्चांत. संग्राहकांनीं पोथी घेऊन असे सुटे कागद रद्दींत टाकूं नयेत. लोणीस १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यांतील आजचीं रुग्णपत्रेंही उद्यांचीं साधनेंच होत. रोग्याचें नांव झांकून तीं राखावीं. ‘तीन वर्षांनीं आला, प्रकृति ठीक’ एवढी ओळ अनेक प्रशस्तींहून मोलाची आहे.